गावपळणीतला धूर

"धूर खयचो तो?"

सदू गावकाराने विचारलं आणि सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, बसलेल्या अख्ख्या गावाने माना वळवल्या. खाली आमचं कातळोली दिसत होतं. माडांचे शेंडे, कलमांची गर्द झाडी, मधूनमधून कौलं, आणि पलीकडे समुद्र. गावात माणूस नव्हतं, गुरंढोरं नव्हती, कुत्रं नव्हतं, कोंबडीसुद्धा नव्हती. सगळं आम्ही वर आणलं होतं. तरी आमच्या घराच्या मागच्या अंगाने, फणसाच्या डोक्यावरून धुराची एक रेघ सरळ वर चालली होती.

गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. सड्यावर झावळ्यांच्या खोपी घालायच्या, तिथेच चुली मांडायच्या, भजनं करायची. घरांना कुलूप लावायचं नाही. त्या दिवसांत गाव रवळनाथाचं, दार उघडं राहिलं तरी राखणारा तो. आणि आत कोणी पाऊल टाकायचं नाही. मी गडहिंग्लजची, माझ्या माहेरी असलं काही नाही. लग्नानंतर पहिल्या पळणीला मला हसू आलं होतं. पण मी सांगतेय त्या पळणीला आता वीसेक वर्षं होतील, आणि तोवर माझं हसू केव्हाच विरलं होतं. घर उघडं टाकून निघताना माणूस किती विश्वास टाकतो ते मी पाहिलं होतं.

"पालापाचोळो पेटलो आसात," माझा नवरा दिगंबर म्हणाला.

"पालो असो सरळ धूर सोडता?" गावकार म्हणाला. सदू परब हा गावचा मुख्य मानकरी, शब्द तोलून टाकणारा माणूस. "ह्यो चुलीचो धूर आसा. कोणाच्या परसात येता तो?"

"घाड्यांच्या," मागून कोणी बाई म्हणाली.

"दिगंबरा, तुझ्या घरात कोण आसा?"

"कोण असतला? सगळे हयच आसत मा आमी!" दिगंबर हसत म्हणाला आणि त्याने कानाची पाळी ओढली. खोटं बोलताना तो कानाची पाळी ओढतो. संसारात एवढं तरी शिकायला मिळालंच होतं मला.

मी त्याला हाताला धरून खोपीमागे नेलं.

"कोण आहे आत?"

"हळू बोल गे."

"कोण आहे?"

"पुण्याचे पावणे आसत. आपण भायर पडलो त्या सांजेक इले. बंदराच्या रस्त्यान. कॉटेजची चावी पडवेत ठेवललंय." मग माझा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, "तेंका शांतता होयी होती. ह्येच्यापरास शांत गाव खय गावतला? आणि मी तेंका सांगितललंय, दिवो लावू नकात, सड्याच्या बाजूक येव नकात. धूर करतले म्हणान माका काय म्हायत!"

म्हणजे त्याला चूक वाटत होती ती धुराची.

आमचं एक कॉटेज होतं. घरापासून चार पावलांवर, समुद्राकडच्या बागेत, चिऱ्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी; पाहुण्यांसाठी म्हणून कुलूप एवढं त्यालाच. पाहुणा आला की गाडीतून पाय खाली टेकायच्या आधी विचारतो, "इथे करण्यासारखं काय आहे?" मला त्या प्रश्नाने नेहमीच चीड यायची. अरे, समोर एवढा समुद्र पसरलाय, वर एवढा सडा आहे, बस की जरा गप! पण दिगंबरला त्या प्रश्नाने स्फुरण चढायचं. सकाळी खाडीत होडी, मग किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला हात लावा, ओहोटीला खडकांच्या खडपात कालवं बघा, संध्याकाळी सड्यावर कातळात कोरलेली चित्रं, मग तिथूनच सूर्यास्त. फुलांचे दिवस नसले तर सड्यावरचं वाळकं गवत दाखवायचा, आणि पाहुणे तेही बघून खूश व्हायचे. याची मला तक्रार नव्हती. सूर्यास्त काही आपल्या बापाचा नाही. पण दाखवायचं सगळं दाखवून झालं की माणूस पुढे काय विकायला काढील, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आम्ही खोपीमागून बाहेर आलो तोवर गावकाराने निवाडा बोलून टाकला होता.

"आत माणूस ऱ्हवलो म्हणजे पळण मोडली. आता परत पयल्यापासून बसूचा लागात."

एकच गलका उठला. बायकांनी कपाळाला हात लावले. कोणाची बाळंतीण होती, कोणाची गाय विणार होती. मी मात्र आबांकडे बघितलं.

आबा म्हणजे माझे सासरे. नव्वदीला आलेले, पाय गेलेले, छातीत कफ भरलेला. लेकीने कणकवलीला चला म्हणून हात जोडले होते, डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. तर आबा म्हणाले, "गाव सड्यार आणि मी गादयेर? होवचा नाय." खुर्चीला बांबू बांधून चौघांनी त्यांना वर आणलं होतं. डिसेंबरातला सड्यावरचा वारा चांगल्या धडधाकट माणसाची हाडं पोखरतो. दोन रात्री त्यांनी खोकून काढल्या होत्या आणि तिसरी निभावली की घरी जायचं, एवढ्यावर ते तग धरून होते. आणखी तीन रात्री त्यांच्याच्याने होणार नाहीत हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, कारण गावकाराचं बोलणं ऐकून त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापासाठी ज्याने नियमाला बोट लावलं नाही, त्याने पुण्याच्या पाहुण्यांसाठी नियमाला भगदाड पाडलं होतं.

लोकांनी शिवेवर उभं राहून हाका मारल्या. ढोल बडवला. वारा समुद्राकडून येत होता, सगळा आवाज आमच्याच अंगावर परत येत होता. दिगंबरने खोपीमागून चोरून पाहुण्यांना फोन लावला तर लागत नव्हता. तीन-चार तरणे पोरगे कमरेला पंचे आवळून पुढे झाले, "आमी जावन भायर काढतो" म्हणत.

"खबरदार!" गावकार म्हणाला. "तेंका काढूक गावचोच पाय आत पडलो, मगे ऱ्हवला काय?"

"मग शेजारच्या गावातला कोणीतरी पाठवा," मी म्हटलं.

"पळणीत परगावचो माणूस शीव ओलांडूचो नाय, वयनी. तेंकाय भय आसा."

म्हणजे आत माणूस आहे म्हणून पळण मोडली, आणि त्याला बाहेर काढायला माणूस आत जाऊ शकत नाही. सगळे पुरुष धोतराचे सोगे सावरत त्या एका धुराकडे बघत उभे होते. दिगंबर त्यांच्यात, सगळ्यांत जास्त काळजीचा चेहरा करून.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू? तू गावची सून," गावकार म्हणाला.

"आज झाले होय गावची सून?" माझा आवाज चढला तो चढलाच. "जत्रेला ओटी भरायची तर माझा नंबर सगळ्यात शेवटी, कारण काय, तर घाटावयली. हळदीकुंकवाला माझ्या पुरणपोळ्या चालतात, आणि पाठ वळली की घाटावयली. इतकी वर्षं तुम्ही मला उंबऱ्याबाहेर धरलंत ना, मग आज बाहेरचीच राहू द्या. बाहेरच्या बाईचा पाय आत पडला तर तुमची पळण मोडत नाही."

दिगंबर पुढे येऊन पुटपुटला, "प्रमिला, जाव नको. माका फोन करूंदे परत." माझा हात धरायला गेला तो मी झटकला.

"जावंदे तिका," आबा डोळे न उघडता म्हणाले.

मी शीव ओलांडली आणि पाखाडी उतरले. रिकामं गाव कसं असतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. परबांच्या अंगणात सूप उपडं पडलेलं. मेस्त्रींचं दार वाऱ्याने हलत होतं. माझ्याच पायांचा आवाज मला मोठा वाटत होता. भीती वाटली असती, पण रागात भीतीला जागा नव्हती.

आमच्या परसात माझी न्हाणीतली चूल पेटली होती आणि वर पाण्याचा हंडा होता. अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ फुंकणी घेऊन चुलीशी झटत होता. मला बघून तो दचकला, मग छान हसला.

"या, या! तुम्ही इथल्याच का? कॉटेजमधला गॅस संपला हो. म्हटलं, चुलीवर पाणी तापवायची मजा घेऊ. मी गिरमे."

"आत कोण आहे?"

"मिसेस आणि मुलगी. फोटो काढतायत."

मी माजघरात गेले. आबांच्या खाटेवर, त्यांच्या उशीला टेकून एक बाई बसली होती. तिच्या अंगावर माझ्या सासूचं इरकली लुगडं होतं. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती. ते लुगडं आबा ट्रंकेतून काढू देत नसत, मी फक्त वर्षातून एकदा ऊन द्यायची. तिची लहान पोर समोर मोबाईल धरून उभी होती आणि म्हणत होती, "आई, तोंड जरा गरीब कर ना."

माझ्या तोंडून काय निघालं ते नीट आठवत नाही. ती बाई घाबरून उठली, लुगड्यात पाय अडकून पुन्हा बसली. गिरमे धावत आत आला.

"अहो, अहो, एक मिनिट! आम्हाला मिस्टर घाडींनीच सांगितलंय. ट्रंकेत जुने कपडे आहेत, घालून बघा म्हणाले."

"आणखी काय सांगितलं?"

"हेच की, घरं उघडी असतील, फिरून बघा. जुनी घरं, स्वयंपाकघरं, देव्हारे... कोणी काही म्हणणार नाही." माझ्या चेहऱ्यावरचं बघून तो चाचरला. "तुमची परंपराच आहे ना? पाहुण्यांसाठी गाव मोकळं करून देतात?"

मी भिंत धरली. आयजीच्या जिवावर बायजी उदार असते हे ऐकलं होतं. इथे तर बायजीने आयजीचा देव, आयजीचा उंबरा, आयजीची मेलेली सासू, सगळं सहलीत वाटलं होतं. आणि तो माणूस मुळात वाईट नव्हता, हे जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की एक अख्खं गाव त्याच्या सुट्टीसाठी थंडीत जाऊन बसलंय. तसं वाटायला किती माज लागतो, हे मात्र त्याला कधी कळलं नसावं.

"किती घरांत शिरलात?"

"तीन-चार. पण कशाला हात लावला नाही. शपथ."

"लुगडं सोडा," मी बाईला म्हटलं. "घडी मी घालीन. आणि सामान आवरा, आत्ताच्या आत्ता."

"आमचं उद्यापर्यंतचं बुकिंग आहे," ती हळूच म्हणाली.

"बाई, वर सड्यावर नव्वद वर्षांचा माणूस खोकतोय. ज्या उशीला तुम्ही टेकला होतात ना, ती त्याची."

तिने लुगडं सोडून माझ्या हातात दिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला दया आली नाही. आज येते थोडीशी. चुलीत तांब्याभर पाणी ओतून मी जाळ विझवला आणि त्यांच्या गाडीत पुढे बसले.

गाडी शिवेवर आली तेव्हा सूर्य समुद्राला टेकत होता. सगळं गाव रस्त्यावर उभं. गिरमे उतरला आणि त्याने हात जोडले.

"माफ करा. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलं ते वेगळंच."

"कोणी सांगितला?" गावकाराने विचारलं.

गिरमेने तोंड उघडलं, पण त्याआधी दिगंबर पुढे झाला.

"माका काय इचारतास? माका काय एक म्हायत नाय. कॉटेजची चावी बायलेकडे असता. खोल्ये झाडणा, पावण्यांचा जेवणखाण, सगळा तीच बघता."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. कानाला हातसुद्धा लावला नाही त्याने. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

"गिरमेसाहेब," मी म्हटलं, "फोनवर कोणाशी बोलला होतात?"

गिरमेने माझ्याकडे पाहिलं, दिगंबरकडे पाहिलं, मग काठ्या टेकून उभ्या असलेल्या गावाकडे पाहिलं. मागे गाडीत त्याची पोर रडत होती.

"हे बघा, तो तुमचा घरगुती विषय आहे," तो म्हणाला. "आम्ही निघतो." आणि तो निघाला. गाडीची धूळ आम्हा सगळ्यांच्या नाकातोंडात गेली.

मानकरी बाजूला जाऊन बोलले. सड्याच्या कडेला, शिवेवर, आमच्या राखणदार देवाचा शेंदूर लावलेला पाषाण आहे. गावकार परत आला तो हातात नारळ घेऊन.

"परके होते, नकळत इले, गेले," तो म्हणाला. "तेंचो दोष नाय. पण जेना तेंका आत घेतल्यान तेना राखणदारासमोर कबूल होवचा, नारळ ठेवूचो. मगे पळण मोडली नाय, फाल्यां सकाळी सगळे घराक. कबूल नसात तर परत पयल्यापासून." आणि त्याने तो नारळ माझ्यापुढे धरला. "वयनी, घे."

"मी? मी त्यांना बाहेर काढलं!"

"चावी तुझ्याकडे. आणि पाय पण तुझोच आत पडलो."

"तू घाटावयली," कोणी म्हातारी म्हणाली, "तुका काय ठावक. देव समजान घेतलो."

समजून घेईल म्हणे! मी दिगंबरकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने गवत उकरत होता. एक शब्द बोलला असता तर निभावलं असतं. मी मोठ्याने म्हटलं, "हे याने केलं. घरं फिरून बघा म्हणून यानेच त्यांना सांगितलं. मला आज कळलं." पण बायको नवऱ्यावर ढकलते म्हटल्यावर पुरुष एकमेकांकडे बघून नुसते माना हलवतात, तशा त्यांनी हलवल्या. मागे आबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. कोणीतरी पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं.

आणखी तीन रात्री. खरं धरून बसले तर आणखी तीन रात्री, आणि खोटं कबूल केलं तर उद्या सकाळी आबा आपल्या खाटेवर. मी हात पुढे केला. नारळ घेतला. तो नारळ त्या पाषाणावर नाही, नवऱ्याच्या टाळक्यात घालावा असं वाटत होतं.

"सुने," आबा म्हणाले. "नारळ हय हाड."

मी नारळ घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"माका राखणदारासमोर ने."

चौघांनी खुर्ची उचलली आणि पाषाणासमोर ठेवली. आबांनी नारळ माझ्या हातातून घेतला, दोन्ही तळव्यांत धरला. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने खड्या आवाजात देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या पुरुषांनी "होय महाराजा" म्हणायचं. घाडी घराण्याचा तो मान. पाय गेल्यापासून आबांनी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्यांच्या छातीत तेवढा श्वास आहे असं कोणालाच वाटलं नसतं.

"बा देवा राखणदारा!" आवाज फाटका होता, पण शिवेपलीकडे गेला असेल. "ह्या कातळोलीचो तू राखणकर्तो."

"होय महाराजा!" पुरुषांनी सवयीने साथ दिली.

"तुझ्या भरवशार गाव घरा उघडी टाकून भायर पडलो."

"होय महाराजा!"

"माझ्या सुनेन परक्यांका भायर काढल्यान. तिच्या नावान कोण दोष घालीत तर तो तेच्याच घरात ऱ्हवांदे."

"होय महाराजा," आवाज जरा खाली आले. गावकाराने मान खाली घातली.

"आणि ह्यो माझो झील. दिगंबर रघुनाथ घाडी." आबा थांबले, दम घेतला. दिगंबर "आबानू" म्हणत पुढे सरकला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "ह्येना चावी दिल्यान. ह्येना घरा दाखवल्यान. ह्येना तुझो गाव विकल्यान."

मग गावकार म्हणाला, "होय महाराजा," आणि त्याच्यामागून बाकीचे.

गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. काय चूकभूल झाली असेल ती माफ कर, लेकराला पदरात घे. सगळे त्या शेवटच्या वाक्याची वाट बघत होते, दिगंबर तर हात जोडूनच उभा होता. आबांनी नारळ पाषाणासमोर ठेवायला माझ्या हातात दिला.

"तेका माफ कर म्हणान मी सांगणय नाय," ते म्हणाले. "तुका बरा दिसात ता कर."

आता कोणीच बोललं नाही. पोटच्या मुलाबद्दल असं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं, त्याला होय कसं म्हणायचं? मानकरी एकमेकांकडे बघत राहिले. आबा खुर्चीत थकून बसले होते, त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. आणि आमच्या गावात बायका ते शब्द म्हणत नाहीत.

"होय महाराजा!" मी ओरडले.